लहान मंडळीनं सेवेला सुरुवात कशी करावी: मिरजेतल्या अनुभवातून

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसं, एकोणीस घरांची. मिरजेत, आतल्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली रविवारची उपासना होते. पाळकसाहेबांकडे दुसरीही एक मंडळी आहे, त्यामुळे आमच्याकडे ते एक रविवार आड येतात. उरलेल्या रविवारी आम्ही वडील मंडळी उपासना चालवतो. आमच्यासारख्याच लहान मंडळ्यांमधली माणसं लग्नाकार्यात भेटली की एक गोष्ट हमखास विचारतात: "आमच्यात माणसं थोडी, पैसा तर त्याहून थोडा, आम्ही सेवा काय करणार?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही एकदम तीन कामं काढली. मुलांची शिकवणी, महिन्याला रेशनवाटप आणि आरोग्य शिबिर. चार महिन्यांत तिन्ही बंद पडली. वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यासही त्यात थांबला, कारण बुधवारी सगळे शिबिराच्या धावपळीत असायचे. त्यातून एक गोष्ट कळली आणि या लेखातलं बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. वचन वाचणारे वेगळे आणि सेवा करणारे वेगळे अशी वाटणी झाली की दोन्ही वाळतात. बुधवारी जे वाचलं, त्यातून शनिवारी कुणाच्या दारी जायचं हे ठरलं पाहिजे.

पहिलं काम: वही

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. त्यावर घरातल्या माणसांची नावं लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. कुणाची कुपवाड एमआयडीसीत तिसरी पाळी असते, कुणाकडे दुचाकी आहे, कुणाला कन्नड येतं, कुणाच्या घरी मोठं पातेलं आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचा रक्तगट काय, हे सगळं लिहा. आमच्या वहीतून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कन्नड येणारी सहा माणसं. आयुष्यभर एका बाकावर बसूनही त्यातल्या दोघांचं आम्हाला माहीत नव्हतं.

रक्तगटाच्या पुढे शेवटच्या रक्तदानाची तारीख घाला. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला निदान ९० दिवस जावे लागतात, बाईला १२०. रात्री फोन आला की वही उघडायची आणि तारीख बघून माणूस पाठवायचा.

ही वही एकाच माणसाकडे असावी आणि तिच्यातलं कुणाचं दुखणं बाहेर बोललं जाऊ नये. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हे स्पष्ट सांगा.

बुधवारची बैठक

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. अध्याय सोळा, म्हणजे सोळा बुधवार. गोष्टी छोट्या आहेत, चाल वेगाची आहे आणि न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही ऐकून लक्षात राहतात. दर आठवड्याला वेगळ्या घरी बसा. त्या घरानं फक्त चहा करायचा. हा नियम आम्ही कडक ठेवलाय, कारण एका घरी भजी झाली की दुसऱ्या घरी शिरा होतो आणि तिसरं घर बैठक घ्यायलाच लाजतं.

वेळ सव्वा तास. सुरुवातीला एक-दोन गीतं. पेटी असेल तर उत्तम, नसेल तर टाळ पुरतात. आपल्या शेजारच्या साताऱ्यात १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. भजन आणि कीर्तन हे या मातीचे प्रकार त्यांनी उपासनेत आणले ते काही शोभेसाठी नाही. ओवी-अभंगाच्या चालीवर म्हटलेलं वचन आमच्या आजीच्या तोंडात आठवडाभर राहतं. वक्त्यानं सांगितलेलं मात्र दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेलं असतं.

मग अध्याय मोठ्यानं दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या माणसांनी. एक वाचक तरुण असावा. त्यानंतर प्रवचन नको. तीनच प्रश्न विचारा: यात कोण कोण माणसं आहेत? तू यातल्या कुणासारखा आहेस? आणि या आठवड्यात कुणाकडे जायचं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव आलंच पाहिजे. 'गरिबांकडे' हे उत्तर धरायचं नाही.

मार्काचा दुसरा अध्याय चालला होता तेव्हाचं सांगतो. चौघं जण पक्षाघाती माणसाला खाटेसकट आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उचकटून त्याला येशूसमोर खाली सोडतात. आम्ही सगळे त्या चौघांच्या विश्वासाबद्दल बोलत होतो. कोपऱ्यात चटईवर पाय पसरून बसलेल्या मावशी, ज्यांना अक्षरओळख नाही, त्या म्हणाल्या, "ते समदं खरं. पण छप्पर कुणाचं उचकटलं? त्येचं नंतर कुणी शाकारलं का न्हाई?"

खोली गप्प झाली. मी चाळीस वर्षं हा उतारा ऐकतोय. त्या घराच्या मालकाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या आठवड्याचं नाव लगेच निघालं: गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, वळवाच्या वाऱ्यात दोन पत्रे उडालेल्या एक आक्का. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत. शनिवारी चार पोरं शिडी, जे-हूक आणि वायसर घेऊन गेली. दोन पत्रे, दोन तास. पत्र्यांचा खर्च मंडळीच्या पेटीतून झाला. माझ्या डोळ्यांसमोर आमची मंडळी विश्वासात वाढली ती त्या शनिवारी.

शेजाऱ्यांना काय हवंय ते शेजाऱ्यांनाच विचारा

सोळा बुधवार होत आले की दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरा. जोडीत एक बाईमाणूस असू द्या. हातात वही किंवा फॉर्म नको, तो बघितला की लोकांना सरकारी पाहणी वाटते. "आम्ही इथल्या चर्चमधले" एवढं आधीच सांगा, लपवू नका. मग विचारा: "या भागात लोकांना सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" आणि ऐका. 'तुम्हाला काय पाहिजे' असं विचारलं की लोक वस्तू सांगतात. त्रास विचारला की खरं काय ते बाहेर येतं.

आम्हाला वाटलं होतं लोक पाणी, गटार सांगतील. तेही सांगितलं. पण रिक्षावाले, चहावाले, लॉजवाले सगळ्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली: दवाखान्यांबाहेरचे नातेवाईक. मिरज दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून लांबलांबची माणसं उपचाराला मिरजेला येतात, बेळगाव-विजापूरकडची तर फार. रोग्याला आत जेवण मिळतं. बाहेर पिशवी उशाला घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोनं दुपारपासून काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

एकच काम, ठरलेल्या वारी

आम्ही गुरुवार संध्याकाळचं जेवण धरलं. आठवड्यातून एकदाच, चाळीस माणसांचं. हे कमी वाटेल. पण दर गुरुवारी नेमानं गेल्यावर वॉर्डातल्या मावशी स्वतःहून सांगायला लागल्या की अमुक खाटेवरच्या बाईजवळ कुणीच नाही, तमुक म्हाताऱ्याला परतीच्या गाडीचे पैसे नाहीत. नेम चुकला असता तर हे कुणी सांगितलं नसतं.

आधी परवानगी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. खाजगी किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात प्रशासनाला लेखी अर्ज द्या. अर्जात जागा, वेळ, किती माणसं आणि जबाबदार व्यक्तीचा फोन लिहा. जेवण फक्त नातेवाइकांसाठी. रोग्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घासही द्यायचा नाही, मग तो कितीही केविलवाणं बघत असला तरी. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या माणसाच्या पोटात अन्न गेलं तर जिवावर बेतू शकतं.

आता स्वयंपाकाचं. चाळीस माणसांना माणशी दोन भाकरी धरल्या तर ऐंशी. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकरी होतात, म्हणून आठ किलो पीठ काढा. ऐंशी भाकरी एका घरावर टाकू नका. पाच घरं, घरटी सोळा. पीठ मंडळीनं पुरवायचं, नाहीतर ज्याचं घर ओढग्रस्तीत आहे ते मागं सरतं आणि त्याला ते बोलताही येत नाही. सोबत पातळ पिठल्यापेक्षा झुणका बरा, वाहून नेताना सांडत नाही. चाळीस जणांना दोन किलो डाळीचं पीठ पुरतं, कांदा सढळ हातानं घाला. ठेचा वेगळ्या डब्यात न्या, कारण आजाऱ्याजवळ रात्र काढणाऱ्या माणसाला तिखट सोसेलच असं नाही. पावसाळ्यात कधी मुगाची खिचडी करा. डाळ-तांदूळ मिळून चार किलो होतात.

भाकरी गरम असताना डब्यात दडपू नका, वाफेनं ओल्या होतात. आधी परातीत पसरा, मग सुती धडप्यात गुंडाळा. निघताना पाण्याचा जार आणि कचऱ्याची गोणी विसरू नका. जागा झाडून मगच परतायचं. पुढच्या महिन्याची परवानगी त्या झाडण्यावर अवलंबून असते.

वाढणाऱ्यानं बसलेल्या माणसाशेजारी खाली बसावं. उभ्यानं, रांगेत, हातात टेकवून पुढं गेलं की ते भीक घातल्यासारखं होतं. आमच्यातले कन्नड येणारे पुढं असतात. "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, एवढं आपल्या बोलीत कानावर पडलं की दोन दिवस कुणाशी न बोललेली माणसं बोलायला लागतात. एकदा एका बाईनं भाकरी तशीच हातात धरून अर्धा तास मुलाच्या अपघाताबद्दल सांगितलं. आमच्या मुलीला त्यातलं निम्मंच कळलं. ती बसून राहिली.

ताटासोबत अट नको

या बाबतीत माझं मत ठाम आहे. जेवणासोबत पत्रक देऊ नका. वाढताना आपण होऊन प्रार्थना सुरू करू नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासमोर आपला विश्वास मांडणं हा त्या विश्वासाचाच अपमान आहे. येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेतल्या जखमी माणसाला उचललं, गाढवावर घातलं, उतारशाळेत पैसे भरले. त्याला काही विचारल्याचं लूकच्या दहाव्या अध्यायात लिहिलेलं नाही.

कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?", तर सरळ उत्तर द्या: "आम्ही येशूच्या मागं चालणारी माणसं, म्हणून." कुणी स्वतःहून म्हणालं, "माझ्या पोरासाठी मागा की देवाजवळ", तर बाजूला घेऊन हळू आवाजात, नाव घेऊन प्रार्थना करा. आणि पुढच्या गुरुवारी त्या पोराची चौकशी करा.

फोटो काढू नका. रेशनवाटपाच्या पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकानं मोबाइल वर धरला आणि पिशवी घेणाऱ्या एका ओळखीच्या काकूंनी पदरानं तोंड झाकलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी पाणीही दिलं, पण ते तोंड झाकणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शेजारधर्म दोन्ही बाजूंनी चालतो, हेही लक्षात असू द्या. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं गल्लीत फिरतात तशी दिवाळीची, ईदची ताटं आपल्याकडे येतात. आमच्या छपराचं काम निघालं तेव्हा शेजारच्या गणेश मंडळाच्या पोरांनी वाळू वर चढवली. त्यांना हातभार लावू द्या. फक्त देणाराच राहायचं ठरवलं की शेजारी दुरावतो. नाताळच्या कार्यक्रमात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करा. कायदा तर आहेच, पण शेजारच्या घरात दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं.

कृष्णेचं पाणी चढतं तेव्हा

सांगली-मिरज भागातल्या मंडळीला पुराची तयारी केल्याशिवाय सेवेचं पान पूर्ण करता येत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. कोयना धरणातून किती विसर्ग चाललाय आणि आयर्विनला किती फूट झालंय, हे दोन आकडे पावसाळ्यात रोज बघायची जबाबदारी एका तरुणाला द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हे करून ठेवा. नदीकाठच्या ओळखीच्या घरांची यादी, त्यात एकटी म्हातारी माणसं, गरोदर बायका, अंथरुणावरचे रोगी आणि जनावरं कुणाकडे किती, हे वेगळं लिहा. लोक जनावरांपायी घर सोडत नाहीत. त्यांची सोय आधी सांगितली तर माणसं वेळेत निघतात. प्रत्येक घराला जाड प्लास्टिकची पिशवी द्या आणि आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, औषधांची चिठ्ठी त्यात घालायला लावा. ४० फुटांच्या आसपास पाणी आलं की यादीतल्या घरांना फोन. बोटीची वाट बघत बसायची वेळ येऊ नये. पाण्यात उतरून सुटका करायला आपण जायचं नाही, ते काम प्रशासनाच्या पथकांचं.

आपलं खरं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच बाहेरून आलेली मदत आटते. २०१९ मध्ये जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडलेले मी पाहिलेत. लोकांना हवे होते खराटे, फावडी, बादल्या, ब्लीचिंग पावडर, गमबूट, बायकांसाठी नवे आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड, आणि चिखल उपसायला चार हात. घरात शिरण्याआधी काठीनं आपटून साप-विंचू बघा. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. साफसफाईआधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढून ठेवा, कारण पंचनाम्याला ते लागतात. फोटो काढायचे ते इथंच, आणि ते घरमालकाच्या मोबाइलमध्ये. चिखलात काम करणाऱ्यांच्या पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल आरोग्य केंद्रात आधीच विचारून घ्या.

पैसा

दानार्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजायची, आणि ते दोघं एकाच घरातले नकोत. मोजल्यावर आकडा त्याच दिवशी वहीत, दोन सह्यांनिशी. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवा, झुणक्याच्या कांद्यापर्यंत. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय वाचा. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात नावाजलेली माणसं त्या कामाला निवडायला लावली. हिशेब हा तेव्हापासून आध्यात्मिक कामाचाच भाग आहे.

आमचा सेवानिधी मुख्यतः कापणीच्या सणातून उभा राहतो. हळदीचे गड्डे, गुळाची ढेप, द्राक्षाची पेटी, गावठी कोंबडी, एखाद्या मावशीनं शिवलेली वाकळ वेदीपुढं येते आणि मग लिलाव होतो. वीस रुपयांचं लिंबू तिघांच्या बोलीत तीनशेला जातं. त्यातून वर्षाचं पीठ निघतं.

मंडळीच्या नावानं बाहेरच्या लोकांकडून नेमानं देणगी घ्यायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे का, मातृसंस्थेची असेल तर तिची परवानगी आहे का, ते आधी बघा. परदेशातला नातेवाईक किंवा पाहुणा मंडळीला रक्कम पाठवतो म्हणाला तर थांबा. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी संस्थेचा किंवा परदेशी नागरिकाचा पैसा घेता येत नाही, आणि कुणाच्या खाजगी खात्यात मागवणं तर अजिबात नको. जाणकार सीएला एकदा भेटा.

मुलांच्या बाबतीत एवढंच: शिकवणी असो की संडे स्कूल, मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि कुणी काही सांगितलं तर घरातल्या घरात मिटवायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा, चाइल्डलाइनचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

दमणूक आणि रुसवे

सहाव्या-सातव्या महिन्यात दोन गोष्टी होतात. बायका दमतात, कारण सगळी सेवा शेवटी चुलीपाशी येऊन थांबते. आणि कुणाच्या तरी भाकरीला कुणीतरी नाव ठेवतं.

पहिल्यावर उपाय म्हणजे पुरुषांनी भाकरी शिकणं. आमच्यात आता चार पुरुष थापतात, एकाच्या तर चांगल्या फुगतात. शिवाय महिन्याचा शेवटचा गुरुवार सुट्टीचा, हे दवाखान्यात आधी सांगून ठेवलेलं. त्या दिवशी सगळे एकत्र बसतो, दर घरानं आपलं खरं खरं सांगायचं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची.

दुसऱ्यासाठी आम्ही प्रभुभोजनाच्या (उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आधीचा शनिवार धरला. मत्तयच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, ते आम्ही शब्दशः करतो. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या घरी शनिवारी जायचं. समजूत पटेलच असं नाही. दोन घरांचं वर्षभर पटलं नव्हतं. तरी भाकरी करणाऱ्या पाच घरांत दोघांचीही नावं होती, आणि पीठ नेऊन द्यायला मुद्दाम एकाच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी पाठवत होतो.

दोन वर्षांनी काम दुसऱ्याच्या हाती द्या, चांगलं चाललेलं असतानाच. पुढचा माणूस सहा महिने आधी निवडा, गुरुवारी त्याला सोबत न्या, समाजसेवा अधीक्षकांशी त्याची ओळख करून द्या. देताना वही, पीठवाल्याचा हिशेब, अर्जाची प्रत आणि मोठ्या पातेल्याचं झाकण सध्या कुणाच्या घरी आहे ते, सगळं समोर बसून सांगा. आमच्याकडे यंदा वही एका चोवीस वर्षांच्या मुलीकडे गेली. तिनं पहिल्याच आठवड्यात मावशींच्या पानावर एक ओळ वाढवली: 'वाचता येत नाही, बुधवारी पहिला प्रश्न यांना विचारायचा.'